स्वस्तिकाखालचा रंग

माझा मुलगा कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात पाळीवर जातो. कारखान्याने त्याला तीन वर्षांच्या लीजवर नवी गाडी देऊ केली. कराराचे सातवे कलम असे, की ताबा घेताना न नोंदवलेला प्रत्येक दोष, गाडी परत करतेवेळी, ताबा घेणाऱ्यानेच केलेला समजला जाईल. हे कलम लिहिणाऱ्याविषयी माझा संताप अद्याप शमलेला नाही. त्याविरुद्ध मी तीन पत्रे धाडली. उत्तर एकाचेही आले नाही. तेव्हा निमोण्यातल्या गॅरेजवाल्याकडे चार दिवस बसून गाडी कशी तपासावी, हे मी शिकून घेतले.

दौंडच्या शोरूममध्ये ताबापावतीची प्रत आधी हातात द्या, म्हणून मी आत भांडत होतो. तेवढ्यात बाहेर पत्नीने पूजा उरकलीसुद्धा. बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक, त्यावर झेंडूची फुले. आमच्याकडे वाहनाला एकदा कुंकू लागले, की त्यात कोणी खोट काढत नाही.

मी बॉनेट उघडले. बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडला होता. म्हणजे बॉनेट कधीतरी उतरवले होते.

"दाजी, कुंकू लागल्यावर नवरीचं दात मोजत्यात व्हय?" सोबत आलेला मेहुणा म्हणाला. सारे हसले.

बॉनेट लावून मी घसरलेली फुले बाजूला केली आणि स्वस्तिक रुमालाने पुसले. हसणे थांबले. कडेने उन्हात पाहिले, तर तिथला पत्रा किंचित लाटेसारखा होता. पोचा भरून वर नवा रंग मारलेला.

"काका, ट्रान्सपोर्टमध्ये होतं थोडंफार," विक्रेता म्हणाला.

"तसे लेखी द्या."

"लेखी कशाला? मी आहे ना!"

"तीन वर्षांनी तुम्ही इथेच असाल, हे तरी लेखी द्या."

मुलगा पेन उघडून उभा होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. सही केली असती, तर तो पोचा त्याचा झाला असता. त्याने पेनाला टोपण लावले. "ही गाडी मी घेत न्हाई."

बाहेर आल्यावर मला वाटले, तो आभार मानील. तो म्हणाला, "आबा, बरोबर तुमचंच हाय. पन आईला सांगितलं असतं, तर तिनंच पुसलं असतं."

मी खटल्याची बाजू मांडावी तसे बोलू लागलो आणि मध्येच थांबलो. तिने हाताने काढलेले चिन्ह मी तिला न विचारता, चारचौघांत पुसले होते. त्याला कोणतेही कलम लागू नव्हते. चूक मात्र होती. पूजेपूर्वीच गाडी पाहायची, हे मला सुचायला हवे होते. मी पावतीसाठी भांडत राहिलो.

एसटीत मी पत्नीला म्हणालो, "माझे चुकले."

तिने मांडीवरचे झाकलेले पूजेचे ताट सावरले. मग म्हणाली, "दुसरी गाडी येईल तवा आधी तुमचं बघणं उरका. मग मला हाक मारा. तवर मी ताट उघडायची न्हाई."