राखेत थुंकलेला घोट

परवा नातीनं मला आणि दादाला सांगलीजवळच्या वाइनच्या कारखान्यात नेलं. तांबड्या वाइनचा ग्लास नाकाशी नेला, आणि का कोण जाणे, आमचं गुऱ्हाळच आठवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दादा फौजेतून सुट्टीवर आला तो साहेबानं दिलेल्या दोन बाटल्या घेऊन. दोन्ही तांबड्याच, पण दोन वेगळ्या देशांच्या. आमचे वडील, आबा, तेव्हा तिथं गूळ शिजवणारे गुळव्या होते. उकळत्या पाकाचा थेंब जिभेवर ठेवून ऊस कुठल्या रानातला, ते सांगायचे.

दादानं दोन कपांत थोडी थोडी वाइन ओतली. आबांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि पचकन भट्टीच्या राखेत थुंकला. दुसऱ्याचंही तेच. मी खो खो हसले. दादाचा चेहरा पडला.

"आवं आबा, दोन दिस मांडीवर धरून आणल्यात!"

"गिळलं की जीभ मरती रं. ही माळाची वाटतीया, ही काळ्या रानाची. तिकडली जमीन कसली हाय?"

आबा थट्टाच करतायत, असं दादाला वाटलं. बाटल्या उचलून तो तरातरा निघून गेला. पुन्हा कधी त्यानं आबांसाठी बाटली आणली नाही.

परवा वाइन देणाऱ्या मुलीनं आमच्यापुढे बादली ठेवली. "चव घेऊन यात थुंका, म्हणजे पुढची नीट कळेल."

दादानं ती बादली जवळ ओढली. मग त्यानं घोट तोंडात घोळवला, थुंकला आणि विचारलं, "पोरी, हिची जमीन कसली हाय?"