त्यांचे तास

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पारोळ्याकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. विभागात आम्ही दोघंच: विभागप्रमुख सर आणि प्रोबेशनवर असलेला मी. विद्यापीठाच्या नियमानं आठवड्याचे तास भरले तर जागा टिकायची, नाहीतर शेवटी आलेला माणूस 'अतिरिक्त' ठरायचा. मुलं मराठी घेईनाशी झाली होती. स्टाफरूममध्ये मला हाकच पडायची, "काय अतिरिक्त, चहा घेणार का?"

सुट्टी संपत आली की सर मला स्कूटरवर मागे बसवून खेड्यांत न्यायचे. बारावी झालेली मुलं गाठायची, मराठी घ्या म्हणून गळ घालायची. एका ओट्यावर एक आबा म्हणाले, "पोरगं घरमा बोलसच ना. मराठी शिकीसन काय भेटी?"

सर म्हणाले, "त्याले काय भेटी माहीत नही आबा, पन या सरनी नोकरी वाची."

सगळे हसले. मीही हसलो. पण हळूहळू मला मुलाचं नाव विचारायचंही सुचेनासं झालं. पहिला प्रश्न असायचा, विषय कोणता घेतोस? कविता शिकवतानासुद्धा डोळे बाकांवर, आज किती आलेत याकडे.

त्या वर्षीही मुलं कमी पडली. मला काढणार हे जवळजवळ ठरलं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी कॉलेजचा शिपाई दारात आला. "सर गेले," म्हणाला. रात्री झोपेतच.

मी खाटेवर बसलो. रडू यायच्या आधी डोळ्यांपुढे वेळापत्रक आलं. त्यांचे तास आता माझ्याकडे येतील, एका माणसापुरते तर नक्कीच भरतील, असा हिशेब मी केला. मग रडलो. ते रडणंही खरंच होतं, पण हिशेबानंतर आलेलं.

दहाव्याला सरांच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तुमची फार काळजी करायचे," त्या म्हणाल्या. "आता पक्के व्हाल ना?"

"हो."

"मग बरं झालं."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. त्यांना सावरणारं काहीतरी मी बोलायला हवं होतं. मराठीचा प्राध्यापक होतो. मी 'तास आहे' म्हणालो आणि उठलो.