दोरीवरची टोपडी

दुपारची भांडी उरकली की मोहोपाड्यातल्या आमच्या इमारतीतल्या चारपाच जणी जिन्याखाली चटई टाकून विणायला बसतो. विणणं कमी, बोलणं जास्त, असं नवरे म्हणतात. म्हणोत बापडे. निम्म्या कॉलनीची बाळं आमच्या टोपड्यांत वाढली आणि त्यातली काही आता कंपनीत कामाला जातात. दिवसभरातली ही वेळ मला सगळ्यात आवडते.

हल्ली मात्र आम्ही वेगळंच विणतो. छातीच्या कॅन्सरमुळे ज्यांचा स्तन काढावा लागला, त्या बायकांसाठी सुती दोऱ्याचे स्तन. आत मऊ कापूस भरायचा आणि ब्लाउजच्या आत ठेवायचा. हलका, धुता येणारा, आणि आम्ही देतो तोही पैसे न घेता, प्रेमाने. खालच्या मजल्यावरच्या भाभींनी मोबाइलवर बघून पहिला विणायला घेतला. पण जित्याची खोड! हात टोपड्यांना सरावलेले, त्यामुळे कडेला झालर आली आणि शेंड्यावर चक्क गोंडा.

"आता फक्त नाडी लावायची राहिली," म्हणत भाभी हसून हसून आडव्या झाल्या.

गोंडा कापला, झालर उसवली, तरी रूप टोपड्याचंच राहिलं.

पहिले दोन खालापूरजवळच्या आमच्या गावी गेले, माझ्या धाकट्या जावेला. एक घालायला, एक धुवायला. गौरीत फेर धरावा तर तिनेच. ती गाणं उचलायची आणि बाकीच्या बायका मागून जायच्या. तिचं ऑपरेशन झालं त्या वर्षी गौरी आल्या नि गेल्या, ही दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन ओटीवर बसून राहिली. वाकलं की पदर सरकतो, म्हणाली. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर काढायचा ते कळेना.

आमचं विणकाम मिळाल्यावर यंदा फेरात उतरणार, असं तिने फोनवर कबूल केलं. म्हणून गौरीच्या आदल्या दिवशी मी मोठ्या हौसेने गावी गेले. तिच्या खोलीत पाऊल टाकलं तर कुबट वास. कपाटामागे दोरी बांधून, टॉवेलच्या आड तिने दोन्ही वाळत घातले होते. पावसाळी हवेत ते कसले वाळतात! दोन्ही ओलेच.

"बाहेर का नाही घातलेस?"

"अंगणात समदी बघतात, ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अगं, त्या मुठीला वास मारायला लागलाय!" मी ओरडलेच. "उद्या ओलंच घालणार आहेस का?"

"मग नाय उतरत मी फेरात," ती म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली. माझी जीभ म्हणजे माझी वैरीण. समजूत काढायला मागोमाग गेले, तर ती भाकरी थापत राहिली.

सकाळी छान ऊन पडलं. मी ओटीवर नैवेद्याची भाजी निवडत होते. जाऊ दोन्ही धुऊन, पिळून अंगणात आली. दोरीपाशी तिचा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. शेवटी तिने ते दोरीवर टाकले. मी मान खाली घालून देठं मोडत राहिले.

शेजारच्या आजी काठी टेकत आल्याच. वाळत घातलेला पापडही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"टोपडी कोनाची गं? पाळणा हलला का कोनाकडं?"

माझा हात थांबला. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझ्या तर ते ओठांवरच आलं होतं.

"टोपडी नायत, आजी," जाऊ म्हणाली. "माझी छाती हाय. कापली ना, तिच्या जागी घालते. आमच्या ताईंनी विणून दिली."

आजींनी जवळ जाऊन एक दाबून पाहिला, उलटा करून पाहिला.

"मग चिमटं लाव की गं नीट. वारा सुटलाय. उडाली तर सांजचा फेर कोन धरील?"

जावेने दोन्हींना चिमटे लावले.