हजेरीतलं एक नाव

शामूभाऊंच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला मी हजेरी म्हणायचो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या टोकाला आमचा भाजीचा मळा, आणि तुराट्यांच्या कुंपणापलीकडे त्यांचं अंगण. दिवेलागणीला मी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसलो की तिकडून आवाज यायचा. "हे प्रभू, मार्थाला सांभाळ. आमोसला सांभाळ. दाविदला सांभाळ. रूथला सांभाळ." बायको, मग तिन्ही लेकरं वयाच्या क्रमानं. एरवी अस्सल वऱ्हाडी बोलणारा हा माणूस देवाशी मात्र पुस्तकातली मराठी बोलायचा. मग आमेन, आणि आमेननंतरच जेवण.

खरं नाव शमुवेल. गावानं त्याचं शामूभाऊ करून टाकलं. ते पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करायचे. कामरगावच्या पाहुण्यांकडे लग्न असो की दूरच्या खेड्यात पंप उघडून पडलेला असो, रात्रीचं जेवण घरीच. "जेवाले बसाचं तं साऱ्यायनं बसाचं. नाहीतं देव म्हणंन, ह्या घरात अर्धेच लोक राह्यते काय?" रूथ लहान असताना तिच्या वेण्या तेच घालायचे, नखांत ग्रीस तसंच. पोरगी कुरकुरायची आणि डोकं त्यांच्याच पुढ्यात आणायची.

मी एकदा छेडलं, "शामूभाऊ, देवाले रोज रोज नावं सांगा लागते? इसरते काय तो?"

"तो नाही इसरत बा. म्या इसरू नये म्हणून सांगतो."

आमोस गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. वाशीमच्या रस्त्यावर ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. मातीच्या वेळी कबरीपाशी शामूभाऊ ताठ उभे होते, सगळ्यांच्या वर त्यांचं गीत ऐकू येत होतं. छाती असावी तर अशी, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थना सुरू झाली. "मार्थाला सांभाळ." मग काहीच नाही. जुडी माझ्या हातात तशीच राहिली. बऱ्याच वेळानं आवाज आला, "दाविदला सांभाळ."

त्यांच्या चर्चच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस प्रभूच्या हाती पोचला, आता त्याच्यासाठी मागणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. शामूभाऊंनी आयुष्यात हा नेम कधी वाकवला नव्हता, आणि पोराचं नाव वगळून पुढं जाणंही त्यांना जमत नव्हतं. रोज ते त्या जागी येऊन अडायचे. मला इकडे घास गोड लागेना. एका संध्याकाळी राहवलं नाही, मी कुंपणाअलीकडून म्हटलं, "आमोस."

ते तरातरा कुंपणाशी आले. "काहून म्हटलं?"

"तुमी थांबले म्हणून."

"म्या थांबतो ते माहं अन् देवाचं हाय. तू मधात कायले येतं?"

आठ दिवस बोलणं बंद. नवव्या दिवशी प्रार्थना नेहमीच्या जागी थांबली आणि थांबूनच राहिली. मी जुडी बांधत राहिलो. मग पलीकडून हळूच आवाज आला, "गजू, हायेस काय तिकडं?"

"हाव."

"मंग म्हण ना. मनाई मले हाय. तुले कोणाची मनाई हाय?"

मी म्हटलं. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि दाविदचं नाव घेतलं. तेव्हापासून दोन वर्षं हे असंच चाललं. ते थांबायचे, मी म्हणायचो. याला देवाची फसवणूक म्हणायची का, असं मी एकदा विचारलं. "बापाचं तोंड बंद हाय, शेजाऱ्याचं नाही," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "तरी भेव वाटते रे. पण नाव नाही आलं तं त्याहून जास्त भेव वाटते."

या माघात माझी लेक अकोल्याला बाळंत झाली. चार दिवसांचं काम, म्हणून शामूभाऊंना न सांगताच गेलो. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जावं, एवढी साधी रीत मी मोडली. चौथ्या संध्याकाळी फोन आला, शामूभाऊ गेले. लेकीला दवाखान्यातून घरी सोडून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा माती होऊन गेली होती.

पुढचं मार्थाबाईंनी सांगितलं. पहिल्या दिवशी ते अडले आणि कुंपणाकडे पाहत राहिले. दाविद म्हणाला, "बाबा, पुढं म्हणा." त्यांनी नुसता हात वर केला. आमेन झालं नाही, तरी सगळ्यांना जेवायला लावलं आणि स्वतः मात्र पाणी पिऊन झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. सकाळी दोन घास खायचे, संध्याकाळी उपास. चौथ्या दिवशी अंगणात खाटेवर बसून त्यांनी "मार्थाला सांभाळ" म्हटलं आणि मान कुंपणाकडे वळवली.

"आमाले वाटलं, वाट पाहून राह्यले," मार्थाबाई म्हणाल्या. "म्हणून कोणी हलवलं नाही. भाजी गार झाली तवा दाविदनं खांद्याले हात लावला."

डॉक्टर हृदय बंद पडलं म्हणाले. असेल. पण जीव गेल्यावर ते किती वेळ नुसतेच बसले होते आणि त्याआधी किती वेळ वाट पाहत होते, हे कोणालाच सांगता येत नाही. दिवेलागणीला मला तेवढंच आठवतं आणि हात चालत नाही.

आलो त्याच संध्याकाळी मी कुंपणाशी गेलो. "आमोस" म्हटलं. ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी मोठ्यानं म्हटलं. मार्थाबाई अंगणात भांडी घासत होत्या. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "गजूभाऊ, आता कायले?"