दाताची खूण नसलेली वायर

शोरूममधला तो सर्व्हिसवाला नकार देताना कधी 'आम्ही' म्हणायचा नाही. "कंपनी मानून नाही राहिली जी," म्हणायचा आणि पेनाचं टोपण उगाच काढत-लावत राहायचा.

आमच्या दवनीवाड्यात घरोघरी धान, म्हणून उंदीरही. गाडीची वायर जळाली की कंपनीचं उत्तर ठरलेलं: उंदरानं कुरतडली, वॉरंटी बाद.

माझ्या गाडीची जळालेली वायर त्यानं टॉर्च धरून बराच वेळ पाहिली. दाताची एकही खूण नव्हती. तरी कागदावर 'उंदीर' लिहून त्यानं सही केली.

"कुठं दिसून राहिले दात?" मी भडकलो.

त्यानं पेनाचं टोपण लावलं. मी निघालो तसा तो गेटपर्यंत मागे आला आणि जळकी वायर त्यानं माझ्या हातात ठेवली.

"फेकू नका जी. ग्राहक मंचात लागते."

तक्रारीत वॉरंटी नाकारणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. ती ओळ अजून कोरी आहे.