आरती राहिलेली कॅसेट

पुण्याच्या स्टुडिओत माइकसमोर उभं केल्यावर शिनोलीचा चांगदेव आधी चपला काढायला बाहेर गेला. परत येऊन त्याने गालिच्यावर तांदूळ पसरले आणि घट मांडला. कॅसेट कंपनीचे शेठ म्हणाले, "बाबा, इथं नुसता आवाज घेतात."

"देवाला आवाजच ऐकू जातो नव्हं?" चांगदेव म्हणाला.

साल चौऱ्याण्णव. लग्न झालं की खंडोबाचं जागरण घालायचं आणि जागरणाला चांगदेवाची पार्टी ठरवायची, असा त्या भागात शिरस्ताच पडला होता. तो तुणतुण्यावर गायचा, मागे चुलतभाऊ रखमाजी डिमडी वाजवून साथ द्यायचा. जागरण सुरू होतं ते देवांना हाका मारून. शेवटी आरती करून घट हलवायचा, आलेल्या देवांना आपापल्या ठिकाणी परत पाठवायचं. ज्या तोंडाने बोलावलं त्याच तोंडाने निरोप द्यायचा, त्यात हयगय चालत नाही.

शेठना हवी होती चार सुटसुटीत गाणी. चांगदेवाला ते कुठलं जमायला? भीमाशंकर, लेण्याद्रीचा गणपती, शिवनेरीची शिवाई, वडजचा खंडोबा, एकेकाला नावानिशी बोलावता बोलावता कॅसेटची पहिली बाजू संपली. कोणाला वगळून कोणाचा रोष ओढवून घ्यायचा? दुसऱ्या बाजूला कथा ऐन रंगात आली आणि काचेपलीकडच्या माणसाने हात वर केला. टेप भरली होती.

"आरती ऱ्हायली की," चांगदेव म्हणाला.

"ती दुसऱ्या भागात घेऊ."

चांगदेवाने तिथेच आरती म्हटली, घट हलवला आणि निश्चिंत मनाने घरी आला.

कॅसेट तुफान चालली. घोडेगावच्या रसवंतीवर तीच, पारगावला उसाच्या ट्रॅक्टरवर तीच. लोक म्हणायचे, "चांगदेवभाऊ, लई गाजलाय राव." आणि तो मनात मोजायचा, आज कुठे कुठे लागली असेल. स्टुडिओतल्या देवांना त्याने वाटेला लावलं होतं, पण कॅसेट लागेल तिथे त्याच्याच तोंडून नवी हाक जात होती आणि निरोप मात्र कुठेच नव्हता. एवढे देव बोलावून रसवंतीवर ताटकळत ठेवायचे? मग कॅसेट कानावर पडली की हा हात जोडून शेवटची आरती म्हणायचा. एसटीत म्हटली, न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीने म्हटली. लोक हसले, हसोत बापडे. पण एकटा माणूस किती गावांना पुरणार?

दुसऱ्या भागासाठी तो पुण्याला खेटे घालत राहिला. शेठ चहा पाजायचे आणि दिवाळीनंतर बघू म्हणायचे. कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारायची सोय नव्हती. पुढे लग्नांत डीजे आला, रखमाजीने डिमडी खुंटीला टांगली आणि पार्टी मोडली. कंपनीने तीच अर्धवट कॅसेट सीडीवर चढवली.

दोन हजार पाचच्या सुमारास चांगदेवाच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला, श्वासासाठी गळ्याला भोक राहिलं. आणि आता शेठना जाग आली. फोन आला, दुसरा भाग करू या.

"ह्यांचा आवाज न्हाई ऱ्हायला, सायेब," बायको मंगलने सांगितलं.

"मग दुसरं कोणी म्हणेल."

शेजारी बसलेल्या चांगदेवाने जोरजोरात नकाराची मान हलवली. मंगलने फोन ठेवला. तिला त्या शेठची अशी चीड आली की दिवसभर ती भांडी आदळत राहिली.

त्या उन्हाळ्यात दोघं लेकीला भेटून ओतूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होती. समोरच्या सीडीवाल्याकडे चांगदेवाचा आवाज लागला होता, तरुण आणि मोकळा. कथा ऐन रंगात आली आणि तुटली. चांगदेवाने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, हात जोडले. ओठ हलले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली.

"आवो चला, जुन्नरची गाडी लागली," मंगल त्याचा दंड धरून म्हणाली. तो हलला नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून ओठ हलवू लागला.

तेवढ्यात दुकानात सीडी आपोआप परत सुरू झाली आणि त्याच्याच भरदार आवाजात भीमाशंकराला हाक गेली.