बुवांनी बांधलेला गजर

नांदगावच्या आसपासच्या वाड्यांत सत्यवान बुवांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. थोडी भातशेती, घरामागे काजूची कलमं, आणि पेटीवर बसले की अख्खा मांडव गप्प करणारा आवाज. भजनाच्या डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकांना चिमटे काढतात. ऐनवेळी गजर, म्हणजे बारीतलं टाळ्यांच्या तालावरचं पद, बांधून चिमटा काढावा तो सत्यवान बुवांनीच, असं लोक म्हणायचे.

कणकवलीत एका संस्थेने ‘तिठा रेडिओ’ नावाचं छोटं केंद्र सुरू केलं, तेव्हा सकाळच्या भजनांसाठी पहिल्यांदा बोलावणं आलं ते बुवांनाच. तेव्हापासून ते जरा ताठ चालायला लागले. चहाच्या टपरीवर कोणी “तुमका सकाळी आयकलंय” म्हटलं की मान खाली घालून हसायचे. पण ते ऐकायला मिळावं म्हणूनच ते रोज टपरीवरून जायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी भजनं संपल्यावर केंद्रावरून सांगण्यात आलं, की पुढच्या महिन्यापासून सकाळच्या गाण्यांत बदल होणार आहे, ऐकत राहा. एवढंच. सांगणारी अक्षया, वेंगुर्ल्याची मुलगी, नुकतीच केंद्राची प्रमुख झाली होती.

टपरीला लागूनच निलेशचं मोबाइलचं दुकान. तिथे या एका वाक्याचं काय काय झालं. निलेश म्हणाला, रेडिओचा फॉरमॅट बदलतोय, आता दिवसभर हिंदी गाणी. तो शब्द सगळ्यांना इतका आवडला की शेतावर जाणारे म्हातारेसुद्धा ‘फॉरमॅट’ म्हणायला लागले. कोणी सांगितलं, मुंबईच्या कंपनीने केंद्र विकत घेतलं. कोणी बायकांचा घोळका केंद्रात शिरताना बघितला होता. म्हणजे आता त्यांच्या गाण्यांच्या स्पर्धा लावणार. केंद्राचा फोन नंबर रोज रेडिओवरून सांगत, पण फोन कोणी केला नाही.

लोक बुवांना विचारू लागले. बुवांना काहीच माहीत नव्हतं. पण रेडिओवरच्या माणसाला रेडिओतलं माहीत नाही, हे कसं सांगायचं? ते गंभीर होऊन म्हणाले, आतून कळलंय, सह्या झाल्या, भजनं बंद. एकदा बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. रात्री जेवताना त्यांनी बायकोला, काशीबाईंना, तेच सांगितलं. त्या वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, की एकदा फोन करून विचारावं. बुवांनी हातानेच ते उडवून लावलं.

महिना संपायच्या आधी शेजारच्या गावच्या जत्रेत दुपारची डबलबारी होती. समोर बाबली बुवा, जुने प्रतिस्पर्धी. मांडव भरलेला. पुढच्या रांगेत वाडीच्या बचत गटातल्या बायका, त्यांच्यात काशीबाई. सत्यवान बुवांनी पेटी ओढली आणि त्या दिवशी बाबलींना सोडून दिलं. त्यांनी गजर धरला:

“वेंगुर्ल्याची बाय इली, काय करून ठेवल्यान,
इठोबाक उठवल्यान, फिल्लमी गाणी लावल्यान!”

मांडव हसला. टाळ्यांनी बुवांना चेव आला आणि तिसरी ओळ आपसूक तोंडात आली:

“चुलीकडल्या बायांका बुवा करून बसवल्यान!”

आता तर लोक उठून नाचायचेच बाकी होते. पुढच्या रांगेतल्या बायका मात्र एकेक करून उठल्या आणि निघून गेल्या. शेवटची गाडी चुकेल म्हणून घाई असेल, असं बुवांना वाटलं.

संध्याकाळपर्यंत त्या गजराचा व्हिडिओ फोंडाघाटापासून वेंगुर्ल्यापर्यंत मोबाइलवर फिरला. लोकांनी खाली अक्षयाबद्दल वाटेल ते लिहिलं. बुवांनी ते वाचलं नाही, किती जणांनी पाहिलं तेवढं बघितलं. काशीबाई त्या दिवसापासून कामापुरतं बोलत होत्या. ते मात्र बुवांच्या लक्षातच आलं नाही.

महिन्याच्या पहिल्या तारखेला टपरीवर गर्दी जमली. हिंदी गाणी सुरू झाली की बुवा काय बोलतात, ते लोकांना ऐकायचं होतं. निलेशने रेडिओ मोठा केला. भजनं नेहमीसारखी लागली, नेहमीइतकीच झाली. मग अक्षया बोलली. भजनं कुठेही जाणार नाहीत, त्यांच्यानंतर अर्धा तास घराघरांतल्या बायकांची गाणी असतील, भातलावणीच्या वेळची, फुगडीची, पाळण्याची. ज्या बाईंच्या आवाजाने सुरुवात करायची होती त्यांनी आपलं नाव मागे घेतलं आहे, तेव्हा त्यांच्या गटातली दुसरी गायिका आज गाईल.

ती दुसरी म्हणजे सलोनी, बुवांच्या शेजारची सून. बावरलेल्या आवाजात तिने सांगितलं, “ह्यां गाणां माका काशीकाकीन शिकवल्यान. आमच्यात खरी गाणारी तीच.”

टपरीवर निलेशने आवाज कमी केला. टिंगल झाली असती तर बुवांनी परतवली असती, तो त्यांचा हातखंडा होता. पण माणसं चहाच्या पेल्यात बघत राहिली, आणि एका म्हाताऱ्याने बाकावर सरकून त्यांना बसायला जागा करून दिली, दुखवट्याला आलेल्या माणसाला देतात तशी. बुवा बसले नाहीत.

घरी काशीबाई खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होत्या. बुवा खळ्याच्या कडेला थांबले. इतक्या वर्षांत या बाईचं गाणं आपण कधी नीट ऐकलं, हे त्यांना आठवेना. मुलांना निजवताना ती काहीतरी म्हणायची आणि आपण आतून ओरडायचो, की हळू, माझा रियाज चाललाय.

“माका सांगलंस नाय कित्याक?” त्यांनी विचारलं.

“सांगणार होतंय. धीर होयना,” बी पसरत काशीबाई म्हणाल्या. “मगे तुमीच मांडवात सांगल्यात.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बुवांना तोंड धुवायचं निमित्त करून विहिरीकडे जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते कणकवलीला केंद्रात गेले. अक्षयाने खुर्ची दिली, पाणी दिलं. तिच्या आईला वेंगुर्ल्यात लोक वाटेत अडवून विचारत होते, की तुमच्या मुलीने देवाचं काय केलं. हे तिने सांगितलं तेही बुवांनी विचारलं म्हणून. ते माफी मागू लागले तेव्हा तिने थांबवलं.

“बुवा, तुम्ही चारशे माणसांसमोर बोललात. माफी इथे एकटीजवळ मागून काय उपयोग?”

बुवांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, की काशीबाईंची गाणी ठेवलेली असतील ना, निदान ती तरी लावा.

“त्यांनी पुसायला सांगितली. त्याच दिवशी, जत्रेतून फोन करून,” अक्षया म्हणाली. “मी खूप विनवलं. पण आवाज त्यांचा. पुसून टाकली.”

पुढची बारी फोंडाघाटला होती, पुन्हा बाबली बुवांशीच. पेटीला हात लावायच्या आधी सत्यवान बुवा उभे राहिले. आतून काहीच कळलं नव्हतं, सगळं आपण मनाने रचलं, त्या मुलीवर नाहक बालंट आणलं आणि चुलीकडल्या म्हणून जिची थट्टा केली ती आपल्याच घरात आहे, असं त्यांनी सांगितलं. मागच्यांनी “मोठ्यान सांगा” म्हटलं, तेव्हा ते सगळं पुन्हा सांगावं लागलं.

आता बाबली बुवांची पाळी होती. इतकं आयतं सावज कोणता बुवा सोडेल? मांडव वाट बघत होता. बाबली बुवांनी एक साधा अभंग लावला, डोळे मिटून शेवटपर्यंत म्हटला आणि सत्यवान बुवांकडे एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशी सगळ्यात जड तेच गेलं, असं बुवा पुढे सांगायचे.

या माफीचा व्हिडिओ काही फारसा फिरला नाही. गजर मात्र अजून कोणाकोणाच्या मोबाइलवर आहे. मधल्या काळात बुवांनी काशीबाईंना गाण्याचा आग्रह केला नाही. तेवढं तोंड आपल्याला उरलेलं नाही, हे त्यांना कळत होतं.

भात कापून झाल्यावर एका सकाळी काशीबाई लुगडं बदलून बाहेर आल्या. “कणकवलीक जातंय,” त्या म्हणाल्या. “सोडतास काय? पण तुमी भायरच बसा. आणि नाव नुसता माझा लावूक सांगतलंय.”

बुवांनी स्कूटर काढली. केंद्राच्या पायरीवर ते बसून राहिले. आतला दरवाजा जाड होता, काहीही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरून ओळखीचा एक भजनी गेला, थांबला आणि म्हणाला, “काय बुवा, आज रेकॉर्डिंग?”

“माझा नाय,” बुवा म्हणाले आणि पायरीवर जरा कडेला सरकून बसले.